‘तूर्त’ या शब्दाचे आयुष्य : जपानमधील अंगमर्दकांचा परवाना आणि अंधांची उपजीविका

१९६४ साली जपानच्या संसदेने अंगमर्दन, सूचिचिकित्सा आणि शेकचिकित्सा करणाऱ्यांसंबंधीच्या कायद्यात एकोणिसावे कलम नव्याने घातले. दृष्टिहीन अंगमर्दकांना उपजीविका करणे अतिशय कठीण होऊ नये यासाठी आवश्यक वाटेल तेव्हा, डोळस विद्यार्थ्यांसाठी नवे मर्दन-विद्यालय काढण्यास किंवा जुन्या विद्यालयातील जागा वाढविण्यास मान्यता न देण्याचा अधिकार या कलमाने शासनाला मिळाला. कलमाच्या आरंभीच ‘तोबुन नो आइदा’ असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ ‘तूर्त’, ‘सध्यापुरते’, ‘काही काळपर्यंत’ असा होतो. तो काळ किती, हे कलमात कोठेही सांगितलेले नाही. साठ वर्षे उलटून गेली तरी हे ‘तूर्त’ संपलेले नाही. एखादा परवाना कोणास द्यावा आणि तो किती काळ चालावा, हा प्रश्न वरवर पाहता कारभाराचा, कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु जपानच्या बाबतीत त्याचा इतिहास पाहू लागले असता तो एका समाजाने आपल्यातील अंधांना दिलेल्या वचनाचा इतिहास ठरतो, आणि त्या वचनाची भाषा तपासल्यावाचून तो नीट उलगडत नाही.

मर्दनाला जपानी भाषेत ‘आन्मा’ असा जुना शब्द आहे. तो मूळचा चिनी. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ दाबणे, दुसऱ्याचा चोळणे. आठव्या शतकातील जपानी राजसंहितेत दरबारी वैद्यकखात्याची जी रचना दिली आहे, तीत मर्दनाचा एक आचार्य, दोन मर्दनकार आणि दहा विद्यार्थी अशी पदे आहेत. म्हणजे मर्दन हे आरंभी राज्याच्या सेवेतील शास्त्र होते आणि त्याचा अंधत्वाशी काही संबंध नव्हता. तो संबंध पुढे फार वेगळ्या वाटेने जुळला.

मध्ययुगीन जपानमध्ये ‘बिवा’ नावाचे तंतुवाद्य वाजवीत ‘हेइके’ घराण्याच्या युद्धकथा गाणारे अंध गायक गावोगाव हिंडत. चौदाव्या शतकात त्यांची ‘तोदोझा’ ही संघटना आकारास आली. तीत केंग्यो, बेत्तो, कोतो आणि झातो अशा चार मुख्य पायऱ्या असून त्यांच्या पोटात एकूण त्र्याहत्तर उपपायऱ्या मानल्या जात. वरची पायरी गाठावयाची तर पैसा भरावा लागे. सर्वांत खालून केंग्योपदापर्यंत पोहोचण्यास एकंदर ७१९ र्यो, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची सुवर्णनाणी लागत असे सांगितले जाते. (१९६२ पासून चित्रपटांतून प्रसिद्ध पावलेल्या ‘झातोइचि’ या अंध मर्दनकार-तलवारबहाद्दराच्या नावात हीच ‘झातो’ पदवी दडली आहे, तो ‘इचि’ नावाचा झातो, इतकेच.) तोकुगावा राजवटीत या संघटनेला शासनाचा आश्रय मिळाला. आपल्या सभासदांना शिस्त लावणे, त्यांच्यातील तंटे तोडणे आणि वरून आलेली देणगी पायरीनुसार वाटणे ही कामे ती स्वतः करी. गायन-वादनाच्या जोडीने सूचिचिकित्सा आणि मर्दन हे तिच्या सभासदांचे उद्योग बनले. रात्रीच्या वेळी शिट्टी वाजवीत रस्त्याने जाणारा अंध मर्दनकार हे एदो शहरातील नित्याचे दृश्य होते.

या उद्योगाला विद्येची प्रतिष्ठा मिळाली ती सुगियामा वाइचि (१६१०–१६९४) या अंध सूचिचिकित्सकामुळे. बारीक सुई त्वचेत सुखरूप शिरावी म्हणून ती आधी एका नळीत बसविण्याची पद्धत त्याच्या नावाशी निगडित आहे, आणि आजही जपानी सूचिचिकित्सेची ती ओळख आहे. पाचवा तोकुगावा शोगुन त्सुनायोशि याच्यावर त्याने उपचार केले आणि अंध विद्यार्थ्यांसाठी शिकवणीची शाळा चालविली. काय हवे ते माग, असे शोगुनने म्हटल्यावर त्याने एक डोळा मागितला आणि त्याला एदोतील ‘हितोत्सुमे’ या भागात जागा मिळाली, अशी एक आख्यायिका आहे. ‘हितोत्सुमे’ याचा अर्थ ‘पहिला’ असा होतो आणि ‘एक डोळा’ असाही होतो. ही गोष्ट घडली असो वा नसो, ज्या समाजाने ती जपली त्याला श्लेषाची आणि व्यवहाराची दोन्हींची जाण होती, एवढे निश्चित.

१८७१ मध्ये मेइजी शासनाने तोदोझा बरखास्त केली. जुन्या जातिवत् संघटना आणि विशेषाधिकार मोडून सर्वांना उद्योगाचे स्वातंत्र्य द्यावयाचे, या व्यापक धोरणाचा तो भाग होता. धोरण म्हणून त्यात गैर काही दिसत नाही. अंधांच्या दृष्टीने मात्र परिणाम असा झाला की, एका दिवसात पदवी गेली, देणगीचा वाटा गेला आणि डोळसांना या धंद्यात येण्यास जी अलिखित आडकाठी होती तीही गेली. १८७४ च्या वैद्यकविषयक नियमांनी पाश्चात्त्य वैद्यकाला अधिकृत स्थान दिले आणि सूचिचिकित्सेला डॉक्टरच्या आज्ञेत आणून ठेवले. क्योतो येथे १८७८ मध्ये आणि तोक्योत १८८० मध्ये अंधांसाठी नव्या शाळा निघाल्या. त्यांत मर्दन शिकविले जाऊ लागले हे खरे, पण शाळेबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याची स्पर्धा आता कोणाही धडधाकट डोळस माणसाशी होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंध मर्दनकारांनी हा धंदा केवळ अंधांसाठी राखावा अशी मागणी लावून धरली. संसदेकडे अर्ज गेले. मागणी मान्य झाली नाही. त्याऐवजी १९११ च्या ऑगस्टमध्ये गृहखात्याने मर्दन-व्यवसायाच्या नियंत्रणाचे नियम काढले. या नियमांनी देशभर प्रथमच परीक्षा आणि परवाना यांची सांगड घातली. परीक्षा दोन प्रतींच्या ठेवल्या. पहिली सर्वांसाठी, दुसरी सोपी, कमी विषयांची, पूर्वशिक्षणाची अट शिथिल असलेली आणि फक्त अंधांसाठी. या दुसऱ्या परीक्षेला पुष्कळदा शासनाची दया म्हटले जाते. वस्तुतः तिला तडजोड म्हणणे अधिक योग्य. अंधांनी मक्तेदारी मागितली होती आणि त्यांच्या पदरात एक खालच्या प्रतीचे प्रमाणपत्र पडले. धंद्याचे दार सर्वांना उघडे राहिले. अंधांसाठी फक्त उंबरा थोडा खाली घेतला गेला.

या परवान्याला त्या काळी ‘कान्सात्सु’ म्हणत. व्यवसाय करणाऱ्याने जवळ बाळगावयाचा शासकीय बिल्ला, असा त्याचा अर्थ. तो देणारे खाते गृहखाते, आणि त्यावर देखरेख पोलिसांची. नियमांच्या शीर्षकातील शब्दही ‘नियंत्रण’ हाच. आज जपानमध्ये हा शब्द सामान्य माणसाला भेटतो तो पाळीव कुत्र्याच्या गळ्यातील नोंदणी-बिल्ल्याच्या संदर्भात. अंगमर्दकाच्या परवान्याला आता ‘मेंक्यो’ म्हणतात. या शब्दाची परंपरा निराळी आहे : तलवारबाजी, चहाविधी, पुष्परचना अशा विद्यांत गुरूने शिष्यास दिलेली अनुज्ञा, ती मेंक्यो. पदवी, बिल्ला आणि अनुज्ञा या तीन शब्दांत या व्यवसायाच्या तीन राजवटी सामावल्या आहेत. पहिलीत अधिकार संघटनेकडून येई, दुसरीत पोलिसांकडून, तिसरीत विद्या मिळविल्याबद्दल राज्याकडून. अर्थात शब्द बदलला म्हणून वस्तुस्थिती त्याच दिवशी बदलली असे समजण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर हा सर्वच व्यवसाय नष्ट होण्याची वेळ आली. १९४७ मध्ये दोस्तांच्या व्यापक सेनाधिष्ठानाच्या आरोग्य-विभागाने सूचिचिकित्सा, शेकचिकित्सा इत्यादी परंपरागत उपचारांबद्दल, विशेषतः ते अंधांच्या हातून होण्याबद्दल, स्वच्छतेच्या आणि शास्त्रीयतेच्या कारणावरून तीव्र हरकत घेतली. देशभरच्या अंधशाळांतील शिक्षक, विद्यार्थी आणि व्यावसायिक यांनी चळवळ केली, काही वैद्यकीय संशोधकांनीही त्यांची बाजू मांडली, आणि अखेरीस डिसेंबर १९४७ मध्ये बंदीऐवजी कायदा झाला. दोन प्रतींच्या परीक्षा गेल्या. अंध आणि डोळस यांना एकच परीक्षा आणि एकच परवाना आला. समतेच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. पण खाली घेतलेला उंबराही त्याबरोबर गेला, हे विसरून चालत नाही.

या कायद्याचे नाव भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. आरंभी ते ‘व्यवसाय-अधिनियम’ असे होते. १९५१ मध्ये ‘व्यवसाय’ हा शब्द जाऊन तेथे व्यक्तिवाचक ‘शि’ हा प्रत्यय आला, म्हणजे धंद्याचा कायदा हा धंदा करणाऱ्या माणसांचा कायदा झाला. ‘आन्मा’ हा शब्द शीर्षकात अर्धा ध्वनिलिपीत आणि अर्धा चित्रलिपीत लिहिला आहे. १९४६ मध्ये शासनाने नित्य वापराच्या १,८५० चिनी अक्षरांची जी यादी केली, तीत ‘चोळणे’ दाखविणारे अक्षर आले पण ‘दाबणे’ दाखविणारे आले नाही, एवढेच त्याचे कारण. त्याच्या पुढे ‘मास्साजि’ हा परकीय शब्द परकीय शब्दांसाठीच्या लिपीत येतो. यूरोपातील मसाजचे तंत्र १८८० च्या दशकात मुख्यतः सैनिकी डॉक्टरांमार्फत जपानमध्ये आले होते. तिसरा ‘शिआत्सु’, म्हणजे बोटांचा दाब, हा विसाव्या शतकातील जपानी घडणीचा शब्द. नामिकोशि तोकुजिरो याने तोक्योत विद्यालय काढून त्या पद्धतीचा प्रसार केला. १९५४ मध्ये जपानला आलेल्या मेरिलिन मन्रोवर त्याने उपचार केल्यामुळे वर्तमानपत्रांतूनही त्याचा बोलबाला झाला. १९५५ मध्ये कायद्याने शिआत्सु आन्मात समाविष्ट केले आणि १९६४ मध्ये तिन्ही शब्द जोडून ‘आन्मा-मास्साजि-शिआत्सु-शि’ अशी एकच लांबलचक व्यवसायसंज्ञा सिद्ध झाली. एकाच परवान्याच्या नावात चीन, यूरोप आणि जपान असे तीन थर जसेच्या तसे दिसावेत, असे उदाहरण विरळाच.

याच कायद्यात मुदतवाढीचा एक बोधप्रद प्रसंग आहे. १९४७ पूर्वीपासून शिआत्सु, विद्युत्-उपचार इत्यादी ‘वैद्यकसदृश’ कामे करणाऱ्या लोकांनी आपली नोंद केल्यास त्यांना १९५५ अखेरपर्यंत धंदा चालविण्याची सवलत दिली होती. शिआत्सुवाल्यांचा प्रश्न वर सांगितल्याप्रमाणे सुटला. उरलेल्यांची मुदत तीन-तीन वर्षांनी तीनदा वाढली आणि १९६४ मध्ये ती मुदतच काढून टाकण्यात आली. म्हणजे ज्या वर्षी एका कलमातील तारीख पुसली गेली, त्याच वर्षी दुसऱ्या कलमात ‘तूर्त’ हा शब्द बसविला गेला. तारीख घातली की दर तीन वर्षांनी संसदेपुढे तोच वाद उभा राहतो, हा अनुभव कायदा करणाऱ्यांच्या गाठीशी नुकताच जमा झाला होता. ‘तूर्त’ हा शब्द त्या अनुभवातून आला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. मराठी अधिनियमांतून ‘त्या त्या वेळी अंमलात असलेला कायदा’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तोही असाच काळाला मोकळा सोडणारा आहे. पण तेथे काळ मोकळा सोडल्याने कोणाच्या पोटावर काही परिणाम होत नाही.

१९६४ चे कलम आले त्या सुमारास परवानाधारक अंगमर्दकांत दृष्टिहीनांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. २०२० च्या सुमारास व्यवसायातील एकूण संख्या एक लाखाच्या वर गेली आणि दृष्टिहीनांचे प्रमाण चौथ्या हिश्शाच्याही खाली आले. या घटीचे एक कारण शिक्षणाचा प्रसार आणि अंधांना इतर नोकऱ्या उपलब्ध होणे हे आहे आणि ते स्वागतार्ह आहे. दुसरे कारण मात्र रस्त्यावर आहे. १९६० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका विद्युत्-उपचाराच्या खटल्यात असा निर्णय दिला होता की, वैद्यकसदृश कामांवरील बंदी ही ज्या कामांपासून मानवी आरोग्यास अपाय होण्याचा संभव आहे तेवढ्यांनाच लागू समजावी. मर्दनाच्या परवान्याविषयी तो निर्णय नव्हता. तथापि त्याची छाया दूरवर पडली. विनापरवाना दुकाने निघाली आणि त्यांनी फक्त एक गोष्ट कटाक्षाने टाळली : ‘मास्साजि’ हा शब्द. त्याऐवजी पाट्यांवर ‘होगुशि’ म्हणजे मोकळे करणे, ‘मोमि-होगुशि’ म्हणजे चोळून मोकळे करणे, ‘बॉडी केअर’, ‘रिलॅक्सेशन’ असे शब्द आले. २०१३ मध्ये शासनाच्या उद्योग-वर्गीकरणात ‘हस्तक्रियेने रिलॅक्सेशन देणारा व्यवसाय’ असा स्वतंत्र वर्गही दाखल झाला. हाताची क्रिया बाहेरून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला पुष्कळदा तीच वाटते. कायद्याच्या दृष्टीने फरक पाटीवरच्या शब्दापासून सुरू होतो. एकोणिसावे कलम विद्यालयाच्या दारावर पहारा देते. ज्याला विद्यालयात जावयाचेच नाही त्याला त्या पहाऱ्याची अडचण नाही. अंध अंगमर्दकाचे खरे प्रतिस्पर्धी कोण, याचा विचार करताना हा विपर्यास नजरेआड करता येत नाही. तीन वर्षे शिकून परीक्षा देणाऱ्या डोळस विद्यार्थ्याला कायदा अडवितो, आणि काहीच न शिकलेला माणूस शब्द बदलून शेजारी दुकान मांडतो.

१९८८ च्या दुरुस्तीने परीक्षा प्रांतांकडून काढून राष्ट्रीय केली आणि परवाना मंत्र्यांच्या नावाने देण्याचे ठरविले. पहिली राष्ट्रीय परीक्षा १९९३ मध्ये झाली. ती ब्रेलमध्ये, मोठ्या टंकात किंवा ऐकूनही देता येते. तीव्र दृष्टिदोष असलेल्यांना माध्यमिक शाळेनंतरच या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो, इतरांना उच्च माध्यमिक शिक्षण पुरे करावे लागते; जुन्या खालच्या उंबऱ्याची ही एक उरलेली खूण म्हणता येईल. एकदा मिळालेला परवाना आजीवन असतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मर्दनाचा परवाना ठराविक काळाने नवा करावा लागतो. उदाहरणार्थ फ्लॉरिडात दर दोन वर्षांनी, आणि त्यासाठी काही तासांचे पुढील शिक्षण झाल्याचा दाखला द्यावा लागतो. जपानमध्ये तसे काही नाही. गैरवर्तनाबद्दल परवाना काढून घेता येतो, पण तो आपोआप संपत नाही. २०१६ पासून मात्र परवानाधारकाला छायाचित्र असलेले एक ओळखपत्र घेण्याची सोय झाली. ते ऐच्छिक असून त्याची मुदत पाच वर्षांची आहे. हे ओळखपत्र निघाले ते विनापरवाना दुकानांतून परवानाधारक ओळखू यावा म्हणून. अशा रीतीने परवाना कायमचा आणि त्याचा पुरावा मुदतीचा, अशी स्थिती आली; आणि गळ्यात अडकविण्याजोगी शासकीय ओळख पुन्हा या व्यवसायात आली, कान्सात्सु हा शब्द मात्र कोणी वापरला नाही.

जपानच्या दोन माजी वसाहतींत या प्रश्नाने अधिक टोकाचे रूप घेतले. दक्षिण कोरियात मर्दनाचा परवाना केवळ दृष्टिहीनांना देण्याचा नियम होता. २००६ च्या मे महिन्यात तेथील घटना-न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. अंध मर्दनकारांनी सोलमध्ये हान नदीच्या पुलावर ठाण मांडले, काहींनी पाण्यात उड्या घेतल्या, आणि त्याच वर्षी संसदेने तोच नियम वैद्यक-कायद्यात घालून त्याला अधिक भक्कम पाया दिला. ३० ऑक्टोबर २००८ रोजी त्याच न्यायालयाने नवी तरतूद वैध ठरविली. तैवानमध्येही १९८० च्या कायद्याने हा व्यवसाय दृष्टिहीनांसाठी राखला होता. तेथील महान्यायाधीशांच्या मंडळाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवून तीन वर्षांच्या आत ती निष्प्रभ होईल असा निर्णय दिला, तो ३१ ऑक्टोबर २००८ रोजी. एका दिवसाच्या अंतराने आलेले हे दोन निर्णय परस्परांच्या अगदी उलट आहेत. एकात अंधांचा जगण्याचा हक्क वरचढ ठरला, दुसऱ्यात इतरांचे उद्योग-स्वातंत्र्य. जपानने दोन्ही टोके टाळली होती. तेथे व्यवसाय कधीच पूर्ण राखीव नव्हता, म्हणून पूर्ण खुला करण्याचा प्रश्नही सरळ विचारता येत नव्हता. प्रश्न विचारावयाचा तर तो ‘तूर्त’ या शब्दालाच विचारावा लागत होता.

तो विचारला गेला. डोळस विद्यार्थ्यांसाठी मर्दनाचा अभ्यासक्रम काढू इच्छिणाऱ्या एका शिक्षणसंस्थेला २०१६ मध्ये मान्यता नाकारण्यात आली, तेव्हा तिने हे कलम घटनेतील व्यवसाय-स्वातंत्र्याविरुद्ध असल्याचा दावा लावला. ‘तूर्त’ म्हणून केलेली तरतूद पन्नास वर्षांनंतर तूर्त कशी म्हणावी, दृष्टिहीनांचे प्रमाण इतके घटल्यावर तिची गरज काय, असा तिचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयांत संस्था हरली आणि ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कलम वैध ठरविले. दृष्टिहीनांपैकी जे या व्यवसायावर अवलंबून आहेत त्यांच्यासाठी, विशेषतः अपंगत्व तीव्र असलेल्यांसाठी, त्याचे महत्त्व अजून उरले आहे, आणि बंधन विद्यालयांच्या मान्यतेपुरते आहे, डोळस माणसाला परवानाच मिळू नये असे ते नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. ‘तूर्त’ किती वर्षांचे हे न्यायालयाने सांगितले नाही. कलमाप्रमाणे ते मंत्र्याने ठरवावयाचे आहे : एकूण अंगमर्दकांत आणि विद्यार्थ्यांत दृष्टिहीन किती, हे पाहून आणि वैद्यकीय नीतिविषयक परिषदेचे मत घेऊन, प्रत्येक नव्या अर्जाच्या वेळी पुन्हा.